गवती चहा मातीलगत कापू नका

"कापून महिना झाला, फुटवा नाही, बेट मधून काळं पडलंय" हे तुमचं वाक्य वाचलं आणि आमच्या परसातलं बेट आठवलं. मोरीच्या पाण्यावर वाढलेलं, कंबरेएवढं. मीच घालवलं ते.

आषाढात पाती पिवळी पडून आडवी झाली होती. कापलं की जोमानं येतं, एवढंच डोक्यात होतं. विळा घेतला आणि मातीलगत सपाट केलं. बुडाशी तो फिकट, जाडसर भाग असतो ना, नवी पात तिथूनच वर येते. नेमका तोच कापला गेला. त्यावर पाच दिवस झड लागली, खुंटांत पाणी मुरलं आणि बूड कुजलं.

काळी पडलेली मुळं घेऊन एका कचेरीत गेले. तिथे उत्तर काय, तर "हे पिकात धरत नाही, शोभेचं गवत आहे." तीन आठवड्यांत तीन फेऱ्या झाल्या. तोवर कडेचे जिवंत फुटवेही गेले. अजून संताप होतो. गवती चहाची शेती करून तेल काढतात लोक, लखनौच्या सीमॅप संस्थेनं 'कृष्णा'सारखे वाण काढलेत, आणि हे म्हणे पीक नाही!

म्हणून कोणाची वाट बघू नका. उद्याच बेट उकरा. कडेचे टणक फुटवे मुळांसकट सोडवा, पाती वीतभर ठेवून छाटा आणि पाण्याचा निचरा होईल अशा जागी लावा. मधलं काळं टाकून द्या.

पुढच्या वेळी उघडीप बघून, जमिनीपासून वीतभर वर कापा. माझं मत विचाराल तर भर पावसात पूर्ण बेट कापूच नये, चहापुरती बाहेरची जून पाती काढावीत. मी काही तज्ज्ञ नाही, हा कोकणातल्या पावसाचा अनुभव. तुमच्याकडे हवा कोरडी असेल तर थोडा फरक पडेल.

कापताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पातीच्या कडा हात कापतात. वाळवायचं ते सावलीतच. उन्हात रंग जातो आणि वासही. आणि पातीची गाठ मारून चहात टाका, गाळणं तुंबत नाही.

फुटवे सोडवलेत की बूड कसं दिसतं ते कळवा. पांढरं आणि टणक असेल तर ते नक्की लागतील.