पॅच अँटेनाच्या सिम्युलेशनमध्ये एअर बॉक्सला कुठली बाउंडरी द्यायची, रेडिएशन की पीएमएल?

तुम्ही लिहिलंय की २.४ गिगाहर्ट्झचा पॅच (बोर्डावरचा चपटा तांब्याचा अँटेना) आहे, १.६ मिमी एफआर-४ (नेहमीच्या सर्किट बोर्डाचं मटेरियल) वर, एचएफएसएस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये केलाय, एस वन वन (पोर्टवरून किती सिग्नल परत फिरतो ते) छान येतोय पण गेन (ठरावीक दिशेला किती जोर जातो तो) पटत नाहीये, कोणी म्हणतं रेडिएशन लाव, कोणी म्हणतं पीएमएल, आणि लॅबमधला मित्र म्हणतो खालच्या बाजूला सरळ परफेक्ट ई (आदर्श धातूची भिंत) देऊन टाक, रन लवकर संपतो. मी मुंबईतच अँटेना डिझाइनचं काम करतो आणि आमच्याकडे येणारी इंटर्न मुलं हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एअर बॉक्स म्हणजे सिम्युलेशनमध्ये अँटेनाभोवती सोडलेला हवेचा डबा, आणि बाउंडरी म्हणजे त्याच्या भिंती वेव्हशी कशा वागतात ते.

आधी मित्राचा सल्ला, कारण माझ्या मते गडबड तिथेच आहे. बॉक्सच्या तळाला परफेक्ट ई दिलं आणि तुमचा ग्राउंड त्यावर टेकला की सॉफ्टवेअरच्या हिशोबाने ग्राउंड प्लेन अनंत झाला. मागे काही जातच नाही, बॅक लोब (मागच्या दिशेला जाणारं रेडिएशन) गायब, पॅटर्न पुस्तकातल्यासारखा. पण तुम्ही लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून शीट आणून कापणार तो तुकडा असेल ६० बाय ६० मिमीचा, म्हणजे अर्धा लॅम्डा (तरंगलांबी) पण नाही, आणि त्याच्या कडांवरून वेव्ह वळून मागे जाणारच. मग मोजल्यावर आकडे जुळत नाहीत आणि सगळा दोष एफआर-४ च्या एप्सिलॉनवर (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटवर) जातो. अँटेना खरोखरच मोठ्या धातूच्या पत्र्यावर बसणार असेल, समजा गाडीच्या टपावर, तर परफेक्ट ई चालेल. नाहीतर ग्राउंडच्या खालीही हवा सोडा आणि सहाही बाजूंना ओपन बाउंडरी (वेव्ह बाहेर जाऊ देणारी, रेडिएशन किंवा पीएमएल) द्या. बाउंडरी निवडताना मी एकच गोष्ट विचारतो, की प्रत्यक्षात त्या बाजूला काय असणार आहे, मोकळी हवा की धातू, आणि जे असेल तेच द्यायचं. काहीच दिलं नाही तर एचएफएसएस बाहेरची भिंत परफेक्ट कंडक्टर धरतं, म्हणजे अँटेना लोखंडी पेटीत बंद केल्यासारखी होते, आणि मग एस वन वनमध्ये कुठेकुठे बारीक टोकदार डिप दिसतात ते पेटीचे रेझोनन्स असतात, पॅचचे नाही.

आता रेडिएशन की पीएमएल. मरीन ड्राइव्हला लाट टेट्रापॉडमध्ये शिरून विरते आणि नुसत्या सरळ भिंतीवर आपटली तर परत फिरते, तर ओपन बाउंडरीचं काम टेट्रापॉडचं आहे. फरक इतकाच की रेडिएशन बाउंडरी सरळ समोरून आलेली वेव्ह नीट गिळते, तिरकी आली की थोडी परत पाठवते, आणि जितकी जास्त तिरकी तितकी जास्त. पीएमएल, म्हणजे परफेक्टली मॅच्ड लेयर, जे बेरेंजे यांनी १९९४ मध्ये मांडलं, ते तिरक्या वेव्हलाही बऱ्यापैकी शोषतं पण बाहेर जादा थर येतात आणि रॅम लागते. तुमच्या साध्या पॅचला रेडिएशन पुरेल. बीम खूप कलवायचा असेल किंवा मागच्या बाजूचे बारीक लोब अचूक हवे असतील तर पीएमएल घ्या.

अँटेनापासून बॉक्सच्या भिंतीपर्यंतचं अंतर मात्र नीट बघा. लॅम्डा बाय फोर सगळे सांगतात, पण तो स्वीपच्या (ज्या फ्रिक्वेन्सींवर सिम्युलेशन चालतं त्या पट्ट्याच्या) सगळ्यात खालच्या फ्रिक्वेन्सीचा धरायचा. २ ते ३ गिगाहर्ट्झ स्वीप असेल तर २ ला लॅम्डा १५० मिमी, त्याचा पाव म्हणजे ३७.५, म्हणून मी सरळ ४० मिमी सोडतो, पॅचच्या मध्यापासून नाही तर बोर्डाच्या कडेपासून, आणि वर-खाली पण. त्यानंतर बॉक्स लॅम्डा बाय थ्री करून परत रन करा, रेझोनन्स आणि गेन हलले नाहीत तर बाउंडरी ठीक. अजून एक टेस्ट मला फार आवडते, एफआर-४ चा लॉस टँजंट (मटेरियल किती पॉवर खातं त्याचा आकडा) शून्य करा, कॉपरला परफेक्ट ई करा, आता रेडिएशन एफिशियन्सी (अँटेनात गेलेल्या पॉवरपैकी बाहेर पडणारा भाग) जवळजवळ १०० टक्के यायलाच हवी, कारण पॉवर जायला दुसरी जागाच नाही. ती ९३ किंवा १०५ आली तर बॉक्स जवळ आहे किंवा मेश (सॉफ्टवेअर ज्या बारीक तुकड्यांत मॉडेल तोडतं ते जाळं) कच्चा आहे.

रन लवकर संपवायचा असेल तर सिमेट्री वापरा ना. मधोमध इनसेट फीड (पॅचमध्ये खाच करून आत नेलेली फीडलाइन) असेल तर फीडलाइनच्या बाजूने पॅच उभा अर्धा कापा, तिथे ई-फील्ड त्या प्रतलाला समांतर असतं म्हणून परफेक्ट एच (आदर्श चुंबकीय भिंत) सिमेट्री येते, परफेक्ट ई दिलं तर मोडच शॉर्ट होईल. पोर्टचा इम्पिडन्स मल्टिप्लायर ०.५ करायला विसरू नका, नाहीतर ५० ओहमचा पोर्ट १०० दिसतो. पिरियॉडिक बाउंडरी आणि फ्लोके पोर्ट (एकच एलिमेंट अनंत वेळा रिपीट होतोय असं धरणारी सेटिंग) हे मोठ्या अॅरेसाठी, दोन बाय दोनसाठी नाही, तिथे सगळेच एलिमेंट कडेचे असतात.

हे सगळं करूनही गेन जास्त वाटला तर तुम्ही प्लॉट काय केलंय ते बघा, डायरेक्टिव्हिटी (लॉस न धरता) की गेन (लॉस धरून). ०.०२ लॉस टँजंटच्या एफआर-४ वर पॅचची बरीच पॉवर बोर्डातच उष्णता होऊन जाते, त्यामुळे दोन्हीत तीन-चार डीबीचा फरक दिसला तर तो खरा आहे, बाउंडरीचा नाही.