विचारा तर खरं : 23 दिवस की 170?

प्रश्न : नातवाच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात 'लोकसभेला एकदाही सामोरे न गेलेले पंतप्रधान : चौधरी चरणसिंग' असं वाचलं. मी त्याला सांगितलं, त्या सरकारात आपले यशवंतराव चव्हाण उपपंतप्रधान होते. त्याला ते पटेना. शिवाय एका पुस्तकात हे सरकार 23 दिवसांचं आहे आणि दुसऱ्यात 170. खरं काय? (एक वाचक, कोरेगाव)

उत्तर : आजोबा बरोबर आहेत. नातवाची दोन्ही पुस्तकंही बरोबर आहेत. या 23 आणि 170 वरून माझं एकदा भांडण झालेलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

1979 साली मी साताऱ्यात मोती चौकाजवळच्या एका छापखान्यात खिळे (म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं) जुळवायला होतो. ट्रेडल मशीन पायाने मारायचं, शाई हातानं लावायची. गणपती महिन्याभरावर आले होते, त्यामुळे मंडळांच्या पावतीपुस्तकांची घाई चालली होती. त्यात एका सहकारी संस्थेचे सचिव भिजत आले आणि पत्रकाचा मजकूर टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब उपपंतप्रधान झाले. सत्कार करायचाय. गुलाबी कागदावर हजार प्रती." तारखेची जागा कोरी ठेवायची होती, कारण साहेब दिल्लीहून कधी येणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

'उपपंतप्रधान' हा शब्द मोठ्या टायपात जुळवून बघा. आमच्या खिळ्यांच्या केसमध्ये त्या आकाराचे 'प' मोजून चार होते आणि पत्रकात तो शब्द तीनदा होता. शेवटी मथळ्यात मोठा टाइप घेतला आणि खाली बारीक.

आता हे पद आलं कुठून ते बघू. जनता पक्षाचं सरकार आतून पोखरलेलं होतं. जनसंघातून आलेल्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी नातं ठेवावं की नाही, या दुहेरी सदस्यत्वाच्या वादावर पक्ष फुटत चालला होता. जनता पक्षाचे नेते राजनारायण बाहेर पडले, त्यांच्यामागे खासदारांची रीघ लागली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पंतप्रधान मोरारजी देसाईंवर अविश्वास ठराव आला, आणि तो मांडणारे विरोधी पक्षनेते म्हणजे आपले यशवंतराव. मतदानाची वाट न बघता मोरारजींनी 15 जुलैला राजीनामा दिला.

राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डींनी सरकार बनवता येतंय का बघा म्हणून आधी साहेबांनाच बोलावलं. त्यांनी चाचपणी केली, आकडा जुळेना, तसं कळवून टाकलं. (दिल्लीच्या गादीच्या इतक्या जवळ कराडचा माणूस गेला होता, हे आमच्याकडे अजूनही पारावर सांगितलं जातं.) मग मोरारजी आणि चरणसिंग दोघांनीही पाठिंब्याच्या याद्या दिल्या. काही नावं दोन्ही यादीत! छाननीनंतर चरणसिंगांकडे 262 आणि मोरारजींकडे 238 उरले. म्हणजे चरणसिंगांकडेही निम्म्याहून जास्त सभासद नव्हतेच, आणि त्या 262 मध्ये इंदिराबाईंचे खासदार धरलेले होते. ते बाहेरून पाठिंबा देणार होते.

28 जुलैला शपथविधी झाला. चरणसिंग पंतप्रधान, यशवंतराव उपपंतप्रधान आणि गृहमंत्री. राष्ट्रपतींनी अट घातली : ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लोकसभेत बहुमत दाखवा. 20 ऑगस्टला सभागृह भरणार होतं. मध्ये 15 ऑगस्टला चरणसिंगांनी लाल किल्ल्यावर झेंडाही फडकवला. आणि ऐन वेळी इंदिराबाईंनी हात काढून घेतला. आणीबाणीतल्या खटल्यांसाठी जी विशेष न्यायालयं नेमली होती, ती गुंडाळायला चरणसिंग तयार झाले नाहीत, असं त्यामागचं कारण सांगतात. 20 तारखेला लोकसभेत पाऊल न टाकता त्यांनी राजीनामा दिला आणि लोकसभा बरखास्त करा असा सल्ला दिला. 22 ऑगस्टला ती बरखास्त झाली. हे झाले तुमचे 23 दिवस.

पण नवं सरकार येईपर्यंत जुन्याने गाडा ओढायचा असतो. निवडणुका जानेवारीत झाल्या, इंदिराबाईंनी 14 जानेवारी 1980 ला शपथ घेतली. तोवर चरणसिंग काळजीवाहू पंतप्रधान आणि साहेब उपपंतप्रधानच. हे 170 दिवस.

भांडण इथेच झालं. पत्रकं 20 तारखेलाच कापून बांधून तयार होती आणि संध्याकाळी रेडिओवर बातमी आली. दुसऱ्या दिवशी सचिव आले ते गठ्ठ्याकडे न बघताच म्हणाले, "सरकार पडलं, आता सत्कार कसला? पैसे कसले?" मी तावातावाने सांगायला गेलो की साहेब अजून त्याच पदावर आहेत, पत्रकात एक अक्षर चुकीचं नाही. मालकांनी मला मागे ओढलं. राज्यघटना माझ्या बाजूने होती, पण उधारी त्यांची होती.

माझं मत विचाराल तर, अविश्वास ठराव मांडून एक सरकार घालवणाऱ्या माणसाने विश्वासाचं मतच न घेतलेल्या सरकारात बसावं, हे साहेबांच्या आयुष्यातलं न शोभणारं पान आहे. कराडची मंडळी रागावतील, रागावू देत. 1996 मध्ये वाजपेयींचं सरकारही 13 दिवसांतच गेलं, पण त्यांनी निदान सभागृहात उभं राहून आपली बाजू मांडली आणि मग राजीनामा दिला. तेवढं तरी चरणसिंगांना करता आलं असतं. अर्थात साताऱ्याने साहेबांना शिक्षा केली नाही. 1980 च्या इंदिरा लाटेतही ते इथून निवडून आले. इंदिराबाईंपासून वेगळ्या झालेल्या काँग्रेसला महाराष्ट्रात तेवढी एकच जागा मिळाली.

प्रश्न : उपपंतप्रधान हे पद घटनेत आहे का? (एक शिक्षिका, वाई)

उत्तर : नाही. 1989 मध्ये देवीलाल यांनी शपथ घेताना 'मंत्री'ऐवजी 'उपपंतप्रधान' म्हटलं, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने सांगितलं, ते नुसतं वर्णन आहे, माणूस मंत्रीच.

प्रश्न : दिल्लीत जे 1979 ला झालं ते आमच्या वसंतदादा पाटलांबरोबर आधीच झालं होतं ना? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : जवळपास तसंच. 1978 च्या विधानसभेत जनता पक्षाला 99, काँग्रेसला 69 आणि इंदिरा काँग्रेसला 62 जागा होत्या. दोन्ही काँग्रेसनी नाक मुरडत संसार मांडला : दादा मुख्यमंत्री, नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. चारेक महिन्यांत शरद पवार आमदार घेऊन बाहेर पडले आणि 18 जुलै 1978 ला 38 व्या वर्षी मुख्यमंत्री झाले. पण तुमच्या सांगलीकरांनी दादांचं दुःख फार धरून बसू नये. पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारही फेब्रुवारी 1980 मध्ये दिल्लीहून बरखास्त झालंच, आणि दादा 1983 ला पुन्हा मुख्यमंत्री झाले.

कोरेगावच्या आजोबांना जाता जाता : ती हजार पत्रकं वाया गेली नाहीत. पाठकोरी होती. मालकांनी दोऱ्याने शिवून रफ वह्या केल्या, चार मला दिल्या. धाकट्या बहिणीने त्यावर दहावीची सगळी गणितं सोडवली.