एमआरआयमध्ये व्हाइट मॅटरचे डाग निघाले. वडिलांचा स्वभाव त्यामुळेच बदलला असेल का?

तुम्ही लिहिलंय की वडील ७२ वर्षांचे आहेत, एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'व्हाइट मॅटरमध्ये वयानुरूप बदल, फाझेकास ग्रेड २' असं आलंय, आणि गेलं वर्षभर ते घुमे झालेत, कशातच मन घालत नाहीत. हा फरक त्या डागांमुळे आहे का, हा तुमचा प्रश्न.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. असे स्कॅन रोज बघते आणि हाच प्रश्न नातेवाईक रिपोर्ट हातात पडताच विचारतात. माझं उत्तर असं: माणूस मुळात कोणत्या स्वभावाचा आहे, याचा व्हाइट मॅटरशी संबंध दिसतो, पण फार बारीक. उतारवयात स्वभाव बदलला असेल, तर मात्र संबंध बराच जवळचा असू शकतो. तुमचा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे.

मेंदूच्या वरच्या करड्या थरातल्या पेशींचे लांब तंतू आतून एका भागाकडून दुसऱ्याकडे जातात. त्यांच्यावर मायलिन या स्निग्ध पदार्थाचं वेष्टन असतं, म्हणून तो भाग पांढरा; तोच व्हाइट मॅटर. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००३ साली या तंतूंच्या एकूण लांबीचा अंदाज काढला होता. विशीतल्या पुरुषाच्या मेंदूत सुमारे १,७६,००० किलोमीटर, ऐंशीत सुमारे ९७,०००. म्हणजे घट सगळ्यांचीच होते. डाग ही त्यावरची भर. या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या लांब आणि केसासारख्या बारीक असतात. वर्षानुवर्षं बीपी चढं राहिलं की त्यांच्या भिंती जाड होतात आणि तंतूंची उपासमार होते. एमआरआयमधल्या 'फ्लेअर' नावाच्या चित्रात मेंदूतलं पाणी काळं दिसतं, निरोगी व्हाइट मॅटर करडं, आणि इजा झालेली जागा पांढरीशुभ्र. आधी पाण्याच्या पोकळ्यांच्या टोकांशी टोपीसारखा पांढरा पट्टा येतो, मग आत सुटे ठिपके. फाझेकास ही या डागांचं प्रमाण सांगणारी श्रेणी; त्यात ग्रेड २ म्हणजे हे ठिपके एकमेकांना मिळू लागलेत.

पण नुसते डाग दिसले म्हणून सगळं त्यांच्या माथी मारता येत नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला ६० ते ९० वयाच्या १,०७७ लोकांचे स्कॅन तपासले, तेव्हा एकही डाग नसलेले जेमतेम ५ टक्के निघाले.

आता मूळ स्वभावाकडे. या बाबतीतलं मला सर्वात मोलाचं वाटणारं काम एडिंबराचं आहे. स्कॉटलंडमध्ये १९३६ साली जन्मलेल्या मुलांची १९४७ मध्ये शाळेतच बुद्धिमापन चाचणी झाली होती. त्यातल्या अनेकांना सत्तरीत पुन्हा शोधून काढलं आणि त्र्याहत्तरीच्या आसपास त्यांचे एमआरआय केले. स्वभावाचे जे पाच पैलू मानसशास्त्रात मोजतात, त्यातला एक म्हणजे कामसू, शिस्तशीर, जबाबदारीनं वागण्याची वृत्ती. ज्यांच्यात ती कमी होती त्यांच्या मेंदूची झीज थोडी जास्त आणि व्हाइट मॅटर थोडं कमी धडधाकट आढळलं. फरक लहानच. आणि इथे दिशा उलटीही असू शकते: शिस्तीचा माणूस बीपीची गोळी चुकवत नाही, सिगारेट ओढत नाही, चालायला जातो, म्हणून त्याच्या धमन्या टिकतात. स्वभाव मेंदूला घडवतो की मेंदू स्वभावाला, हे एका स्कॅनवरून सांगता येत नाही. चिंताळू स्वभाव आणि तंतूंची काहीशी विस्कळीत रचना असाही संबंध नॉर्वेतल्या एका अभ्यासात दिसला, पण असे निष्कर्ष दर अभ्यासात सारखे येत नाहीत. हजारो माणसं तपासल्याशिवाय यात भरवशाचं काही हाती लागत नाही, हे २०२२ पासून तर क्षेत्रातच मान्य झालंय.

तुमच्या वडिलांबाबत माझं लक्ष वेधलं ते 'कशातच मन घालत नाहीत' या वाक्यानं. कपाळामागचा भाग आणि मेंदूच्या खोल भागातली केंद्रं यांना जोडणारे तंतू काम सुरू करायला चालना देतात. बारीक धमन्यांच्या आजारात ते तुटले की माणसात अनास्था येते. ती नैराश्यापेक्षा वेगळी. नैराश्यातला माणूस दुःखी असतो, रडतो, स्वतःला दोष देतो, रात्र रात्र जागतो. अनास्था आलेल्याला विचारलंत तर तो म्हणेल, "बरा आहे की!" आणि ते खरंच असतं. जेवायला हाक मारली तर येतो, पोटभर जेवतो. हाक मारली नाही तर बसून राहतो. घरच्यांना हा आळस वाटतो, हट्ट वाटतो, 'आमच्यावर रागावलेत' असंही वाटतं. त्यावरून घरात जे कडू बोललं जातं त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्या माणसाचा त्यात काहीच दोष नसतो. त्याच्यात करण्याची क्षमता असते, सुरुवात होत नाही. म्हणून "फिरायला जायचं का?" असं विचारू नका, नकारच येईल. "बाबा, चपला घाला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ" म्हणा आणि स्वतः दारात उभे राहा. नैराश्यावरच्या गोळ्या निव्वळ अनास्थेवर फारशा चालत नाहीत, त्यामुळे दोन्हींत फरक करणं महत्त्वाचं. दोन्ही एकत्रही असू शकतात.

पन्नाशीनंतर स्वभावात आलेला बदल सहा महिन्यांहून जास्त टिकला, तर न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावंच. 'वयानुरूप' या शब्दावर थांबू नका. बीपी पाहा. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत वरचं बीपी १२०च्या खाली ठेवलेल्यांचे डाग सुमारे चार वर्षांत सरासरी ०.९२ घन सेंटिमीटर वाढले, १४०च्या खाली ठेवलेल्यांचे १.४५. त्यात मधुमेही घेतले नव्हते, आणि वडिलांना उठताना चक्कर येत असेल तर इतकं खाली आणणं धोक्याचं. आकडा डॉक्टरांनाच ठरवू द्या. सोबत थायरॉइड आणि बी १२ तपासून घ्या. बी १२ कमी पडलं की मायलिनच बिघडतं, आणि शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास आढळते. कानही तपासा. ऐकू कमी येणारा माणूस चारचौघांत गप्प बसतो आणि सगळे म्हणतात, घुमा झाला.