पॉकेट तीनच, मग अटॅचमेंट लॉस सात कसा?

प्रश्न : माझ्या आईचं वय ५८. खालचे पुढचे दोन दात हलतात. डेंटिस्टनी बारीक सळीनं हिरड्या मोजून लिहून दिलं : पॉकेट ३ मिमी, अटॅचमेंट लॉस ७ मिमी. पॉकेट तीनपर्यंत असेल तर ठीक, असं आम्ही ऐकलं होतं. हिरड्यांतून रक्तही येत नाही. मग हे सात आले कुठून? आई बरीच वर्षं मिश्री लावते.
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर आहेत. त्यांची मोजायची सुरुवात वेगळी आहे, एवढंच.

पॉकेट म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेची खोली. ती मोजतात हिरडीच्या कडेपासून, आणि ही कड जागेवर राहत नाही. सूज आली की वर चढते, झीज झाली की खाली उतरते. पंचगंगेची पातळी आपण राजाराम बंधाऱ्यावरच्या पक्क्या खुणेवरून सांगतो, म्हणून ३९ फूट (इशारा पातळी) म्हटलं की सगळ्या कोल्हापूरला कळतं. दातावरची तशी पक्की खूण म्हणजे इनॅमल (दातावरचं कठीण कवच) संपून मूळ सुरू होतं ती रेषा. अटॅचमेंट लॉस, म्हणजे दाताचा सुटलेला आधार, तिथून मोजतात. आईंची हिरडी त्या रेषेच्या ४ मिमी खाली उतरली असणार, त्याखाली ३ मिमीचं पॉकेट, झाले सात. उलटंही होतं. हिरडी सुजून रेषेच्या ३ मिमी वर आली असेल, तर ६ मिमीच्या पॉकेटमागे लॉस तीनच असतो. म्हणून नुसत्या पॉकेटच्या आकड्यावर घाबरू नये, आणि निर्धास्त तर मुळीच राहू नये.

खालच्या पुढच्या दाताचं मूळ साधारण १२-१३ मिमी असतं. त्यातला सात मिमीचा आधार सुटला, तर दात हलणारच. रक्त येणं ही आत्ताच्या सुजेची खूण आहे. आधी झालेलं नुकसान त्यातून कळत नाही.

आता एक गोष्ट डॉक्टरांना नक्की विचारा : हे सात मिमी दाताच्या कुठल्या बाजूला मिळाले? प्रत्येक दात सहा जागी मोजतात. फक्त ओठाच्या बाजूला असतील, तर मिश्रीचं घासणं हे कारण असू शकतं. पण दोन दातांच्या मधल्या फटीत असतील आणि एकमेकांना लागून नसलेल्या निदान दोन दातांना तसंच असेल, तर तो पेरिओडोन्टायटिस, म्हणजे दाताचा आधार आणि हाड झिजवणारा हिरड्यांचा आजार. या आजाराच्या २०१८ पासूनच्या वर्गीकरणात फटीतल्या सर्वांत वाईट जागेचा लॉस धरतात : १-२ मिमी पहिली पायरी, ३-४ दुसरी, ५ किंवा जास्त म्हणजे तिसरी वा चौथी. सोबत एक्स-रे हवाच, हाड किती उरलंय ते त्यात दिसतं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तसाखर) तपासून घ्या. साखर वाढलेली असेल तर हा आजार भराभर पुढे जातो.

गेलेला आधार सहसा पूर्ण परत येत नाही. पण खोलवर सफाई करून घेतली, मिश्री बंद केली, फटी रोज छोट्या ब्रशनं साफ केल्या, तर सातावर थांबवता येतं, आणि असे दात पुढे बरीच वर्षं टिकलेले मी पाहिलेत. मिश्री सोडणं आईंना जड जाईल, त्यांच्यावर रागावू नका. सफाईनंतर दोनेक महिन्यांनी त्याच जागा पुन्हा मोजून घ्या आणि आत्ताचा कागद तेव्हा बरोबर न्या.