सिरॅमिकच्या प्रोजेक्टला ‘आठवण’ विषय आहे. रोजच्या वस्तूंमधून प्रेरणा कशी घ्यायची आणि माती कोणती वापरू?

तुमचा प्रश्न वाचला अन् आमचे कॉलेजचे सर डोळ्यासमोर आले, म्हणून लिहून राहिलो.

‘आठवण’ म्हटलं की अर्धा वर्ग कपाला मुद्दाम भेग पाडून आणतो. मला ते नाटक वाटतं. मी आजीची लोणच्याची बरणी घेतली होती, वरून चॉकलेटी खालून पांढरी, सगळ्यांच्या घरी असायची तीच. सर म्हणाले, हे किचनचं सामान झालं, यात तू कुठे आहेस, काहीतरी अॅब्स्ट्रॅक्ट कर. आता काय सांगू, नागपूरच्या महाल भागातल्या घरी दर उन्हाळ्यात लोणचं घालायच्या आधी बरणी आतून पुसायचं काम माझ्याकडे, कारण आजीचा हात बांगड्यांशी अडायचा अन् माझा पोराचा हात सरळ बुडापर्यंत जायचा. माझ्यासाठी आठवण म्हणजे त्या तोंडाचं माप, रंगबिंग नंतर. म्हणून तोंड इतकंच ठेवलं की लहान पोराचा हात आत जाईल अन् मोठ्या माणसाचा बोटांच्या सांध्यांपाशी अडकेल. भाजल्यावर माती दहा-बारा टक्के आटते, म्हणजे सहा सेंमी हवं तर चाकावर पावणेसात ठेवा. गळ्याला खाचही ठेवली, दादरा म्हणजे तोंडावरचं फडकं बांधायला.

डिस्प्लेला लोक हात घालायचे, अडायचे, हसायचे. एका काकूंनी तर खाचेवरून बोट फिरवून विचारलं, दादऱ्याचं फडकं कुठाय? सरांनी लांबूनच पाहिलं अन् मार्क दिले बेताचे. बरणीत हात न घालता बरणीला मार्क देणारा माणूस मला फॉर्म शिकवत होता!

तर वस्तूचं चित्र काढू नका. तिला कुठे धरायचे, कुठे अडायचं, काय सांडायचं ते आठवा. पिंटरेस्ट बंद करा अन् माळ्यावर चढा.

ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, मात्र त्याच सरांनी शिकवलं, तेही सांगतो. अन् माझा हा उपाय सगळ्यांना चालेल असं नाही, काहींचं अॅब्स्ट्रॅक्टच चांगलं जमतं.

माती? माठासारखं पाझरणारं हवं तर साधी लाल माती, बरणीसारखं न पाझरणारं हवं तर स्टोनवेअरची माती, ती 1200 डिग्री सेल्सिअसच्या वर भाजावी लागते, आधी भट्टी तिथवर जाते का ते विचारा. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीहून माती आणतो, तिथे ग्रामोदय संघाचं सिरॅमिकचं काम जुनं आहे. मे महिन्यात करत असाल तर कान, दांड्या ओल्या फडक्यात झाकून ठेवा, आपल्याकडच्या उन्हात जोडावरच तडकतात. अन् खरंच लोणचं भरणार असाल तर शिशाचं ग्लेझ अजिबात नको.