वाचकांचे प्रश्न : थोरियम, सोडियम आणि ट्रॉम्बेची वीज

केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावर एवढं थोरियम पडलं आहे, तर ते सरळ अणुभट्टीत का घालत नाहीत? – एक वाचक, चेंबूर

घातलंच नाही असं नाही. काक्रापारच्या भट्टीत सुरुवातीला थोरियमच्या जुड्या होत्या, पण वीज वाढवायला नव्हे. गाभ्यातला न्यूट्रॉनांचा प्रवाह सगळीकडे सारखा राहावा म्हणून. थोरियम-232 एकटं विखंडनाची, म्हणजे अणू फुटण्याची साखळी चालवू शकत नाही. दुधाला विरजण लागतं तसे त्याला आधी बाहेरचे न्यूट्रॉन लागतात, म्हणजे युरेनियम-235 नाहीतर प्लुटोनियम आलंच. न्यूट्रॉन गिळल्यावर थोरियम-233 होतं (अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, 22 मिनिटं), मग प्रोटॅक्टिनियम-233 (27 दिवस) आणि शेवटी युरेनियम-233. खरं इंधन हे. विरजणापुरतं प्लुटोनियम साठवायचं म्हणून भारताच्या योजनेत मधे फास्ट ब्रीडरचा, म्हणजे जाळते त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या भट्टीचा टप्पा ठेवला आहे.

मात्र खरी अडचण भट्टीत नाही, भट्टीतून इंधन बाहेर काढल्यावर आहे. एकतर घाई चालत नाही. प्रोटॅक्टिनियम मूळच्या 1 टक्क्यावर यायला सहा महिने जातात. त्याआधी पुनर्प्रक्रिया (वापरलेल्या इंधनातून उपयोगाचं वेगळं काढणं) केली तर होऊ घातलेलं युरेनियम हातचं जातं. त्यानंतर विरघळवणं. थोरियमचं ऑक्साइड 3300 अंशांच्या आसपास वितळतं, रासायनिकदृष्ट्याही हट्टी असतं. भट्टीत हा गुण, पुनर्प्रक्रियेत हाच दोष. नुसत्या तीव्र नायट्रिक आम्लाला ते दाद देत नाही, थोडं हायड्रोफ्लोरिक आम्ल घालावं लागतं. फ्लोराइड स्टेनलेस स्टीलची टाकी खातं, म्हणून त्याला बांधून ठेवायला वर ॲल्युमिनियम नायट्रेट.

सर्वांत त्रासदायक पाहुणा म्हणजे युरेनियम-232. युरेनियम-233 सोबत ते थोडंसं तयार होतंच, आणि रसायनाने दोन्ही वेगळे करता येत नाहीत. त्याच्या क्षयमालिकेत थॅलियम-208 येतं, ते 2.6 एमईव्ही (किरणांच्या ऊर्जेचं एकक) इतके भेदक गॅमा किरण सोडतं. प्लुटोनियमचं इंधन ग्लव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत, हाताने बनवता येतं. इथे शिशाच्या आणि काँक्रीटच्या भिंतीमागून यंत्राच्या हातांनी काम करावं लागतं. ताजं वेगळं केलेलं युरेनियम-233 सुरुवातीला शांत असतं, पण त्यातल्या युरेनियम-232 पासून थोरियम-228 साठत जातं तसा किरणोत्सार चढतो. तेव्हा वेगळं केलं की लगेच गोळ्या बनवायच्या, साठवून ठेवायचं नाही. परत मिळालेल्या थोरियमचं उलट. त्यातल्या थोरियम-228 चं अर्धायुष्य 1.9 वर्षं, म्हणजे ते हाताळण्याजोगं व्हायला पंधरा-वीस वर्षं थांबा.

युरेनियम-233 वर चालणारी कामिनी ही भट्टी कल्पाक्कमला 1996 मध्ये सुरू झाली. क्षमता 30 किलोवॉट. भौतिकशास्त्र जमतं, हे तिने दाखवलं. इंधनाची दुसरी फेरी, म्हणजे वापरलेल्यातून काढून पुन्हा वापरणं, कारखान्याच्या प्रमाणावर जमवणं उरलं आहे, आणि संशोधनाचा पैसा आमच्या मते नव्या भट्टीच्या चित्रांआधी तिकडे जायला हवा.

सोडियम पाण्यात पडलं की पेटतं हे शाळेत पाहिलं. मग कल्पाक्कमच्या ब्रीडरमध्ये 1750 टन सोडियमशेजारी पाण्याची वाफ, हे धाडस कशाला? – एक वाचक, मुलुंड

धास्ती रास्त आहे. फायदा असा की सोडियम 98 अंशांना वितळतं आणि 883 अंशांना उकळतं, त्यामुळे भट्टीत दाब वाढवावा लागत नाही. न्यूट्रॉनांचा वेगही ते फारसा कमी करत नाही, आणि ब्रीडरला वेगवान न्यूट्रॉनच हवे असतात.

धोका वाफजनित्रात. नळीच्या आत सुमारे 170 बार दाबाची वाफ, बाहेर कमी दाबाचं सोडियम. सुईएवढं भोक पडलं तरी वाफेचा झोत सोडियममध्ये घुसतो, कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन तयार होतात, आणि तो तापलेला झोत शेजारच्या नळीला कुरतडतो. एकीची गळती बघता बघता दुसरीत जाते. म्हणून पाळत हायड्रोजनवर: पातळ निकेलच्या पडद्यातून तो आरपार जातो आणि निर्वात कक्षात मोजला जातो. आकडा चढला की वाफ तोडायची. दाब वाढलाच तर फुटून तो बाहेर सोडणाऱ्या चकत्या आहेत. जोड कमी राहावेत म्हणून नळ्या 23 मीटर लांबीच्या अखंड घेतल्या आहेत.

गाभ्यातलं किरणोत्सारी सोडियम पाण्याजवळ येतच नाही. मधे दुसऱ्या सोडियमचं स्वतंत्र चक्र असतं. जपानच्या मोंजू या ब्रीडर भट्टीत डिसेंबर 1995 ला गळती झाली ती याच दुसऱ्या चक्रात: प्रवाहातल्या कंपनाने तापमापकाची आवरणनळी तुटली आणि सुमारे 640 किलो सोडियम बाहेर पडून पेटलं. किरणोत्सार झाला नाही, पण एका नळीच्या चुकीच्या आकाराने भट्टी वर्षानुवर्षं बंद राहिली. आग लागलीच तर पाणी मारायचं नाही, कोरडी रासायनिक पूड टाकायची.

ट्रॉम्बेला भट्ट्या आहेत, मग मुंबईला तिथून वीज का नाही? – एक वाचक, देवनार

त्या संशोधनाच्या आणि समस्थानिकं बनवण्याच्या भट्ट्या. त्यातल्या ध्रुवा या भट्टीची उष्णता 100 मेगावॉट आहे खरी, पण तिचं शीतक (उष्णता वाहून नेणारं द्रव) शंभर अंशांच्या खूप खाली राहतं. त्यावर टर्बाइन फिरत नाही, उष्णता शेवटी समुद्राच्या पाण्यात जाते. अणुवीज हवी तर तारापूरकडे बघा, 1969 पासून.