साइडकार जोडलेल्या जुन्या बुलेटचे टॅपेट घरी तपासता येतात का?

साइडकार जोडलेल्या, कास्ट आयर्न इंजिनाच्या आपल्या जुन्या बुलेटमधून बारीक टिकटिक ऐकू येते आणि तिचे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडण्यासाठी पुशरॉड नावाच्या दांड्याला खालून वर ढकलणारे भाग) घरीच तपासता येतील का, असे आपण विचारले आहे. अवश्य येतील. गाडी तीनचाकी झाल्याने या कामात फारशी अडचण येत नाही, कारण टॅपेटचे झाकण सिलिंडरच्या उजव्या अंगाला, खालच्या बाजूस असते आणि आपल्याकडे साइडकार डावीकडे लावलेली असते. मात्र आपले इंजिन खरोखर जुन्या पद्धतीचे आहे याची आधी खात्री करावी, कारण नंतरच्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनात ऑइलच्या दाबाने आपोआप जुळणारे हायड्रॉलिक टॅपेट असतात आणि तेथे टॅपेटची फट हाताने लावण्याचा प्रश्नच येत नाही.

टिकटिक पूर्णपणे घालवण्याच्या हट्टाने पाना हातात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टॅपेट थोडा सैल असेल तर तो आवाज करतो आणि किंचित ताकद खातो. पण तो घट्ट असेल तर काहीच आवाज येत नाही आणि नुकसान मात्र मोठे होते. घट्ट टॅपेटमुळे व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे इंजिनाच्या हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता सीटमार्गे हेडमध्ये उतरायला हवी ती न उतरल्यामुळे त्याची कड जळू लागते. साइडकारचे आणि त्यात बसलेल्या माणसाचे ओझे घेऊन चोर्ला किंवा अनमोड घाट चढणारे इंजिन एकट्या बुलेटपेक्षा कितीतरी अधिक तापते, म्हणून अशा गाडीची तपासणी नेहमीपेक्षा लवकर करावी आणि शंका आली तर एक्झॉस्टचा टॅपेट घट्टपेक्षा किंचित सैल बाजूला ठेवावा.

इंजिन पूर्ण थंड हवे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी काम करणे उत्तम. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकाला आणि साइडकारच्या चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, मागचे चाक जॅकने जमिनीपासून थोडे उचलावे, प्लग काढावा आणि गाडी वरच्या गिअरमध्ये टाकावी. आता मागचे चाक हाताने फिरवले की इंजिन फिरते. किकनेही ते फिरवता येते. परंतु पिस्टन नेमक्या जागेच्या पुढे गेला तर किकने मागे आणता येत नाही आणि पुन्हा दोन फेरे मारावे लागतात, म्हणून मला चाकाची पद्धत अधिक पसंत आहे.

झाकणाखाली फडके ठेवावे, कारण ते उघडताच थोडे ऑइल गळते. आत दोन पुशरॉड दिसतात. चाक पुढच्या दिशेने हळूहळू फिरवत इनलेटचा पुशरॉड वर जाऊन पुन्हा खाली येईपर्यंत पाहावे आणि त्यानंतर पिस्टन पुढच्या वेळी जेथे सर्वांत वर येतो तेथे थांबावे. प्लगच्या भोकावर अंगठा धरल्यास हवेचा दाब जाणवतो, तीही खूण आहे. या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. दोन्ही पुशरॉड ताठ लागले तर आपण बहुधा चुकीच्या फेऱ्यावर आहात. इंजिनाचा आणखी एक पूर्ण फेरा करून पाहावे.

या इंजिनात फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लागत नाही, बोटेच लागतात. पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवावा: तो विनासायास फिरला पाहिजे, पण वरखाली हलवल्यास खेळ जाणवू नये. फिरायला जोर लागत असेल तर टॅपेट घट्ट आहे. वरखाली खटखट हलत असेल तर आपण ऐकता ती टिकटिक तेथूनच येते. फट बदलायची असल्यास पातळ पाने घ्यावेत, कारण आत जागा फार थोडी असते. एका पान्याने टॅपेट धरून दुसऱ्याने लॉकनट सैल करावा, स्क्रू अगदी थोडा फिरवावा आणि पुन्हा बोटांनी पाहावे. लॉकनट आवळताना फट पुष्कळदा बदलते, त्यामुळे आवळून झाल्यावरची तपासणीच खरी मानावी आणि त्यानंतर इंजिन दोन फेरे फिरवून त्याच स्थितीत आणून एकदा खात्री करावी. झाकण एकाच नटावर बसते. ते जास्त आवळले तर वाकते आणि मग तेथून ऑइल पाझरत राहते.

गोव्याच्या पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर ती दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या याच स्थितीत ठेवून प्लग परत लावावा, म्हणजे दमट हवा उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये शिरत नाही.

प्रत्येक तपासणीत एक्झॉस्टचा टॅपेट आपोआप घट्ट झालेला आढळू लागला तर तो पुन्हा पुन्हा सैल करत बसू नये. व्हॉल्व्ह सीटमध्ये खचत चालल्याचे ते लक्षण असते, आणि हेड उतरवून सीट तपासण्याचे ते काम जुन्या बुलेटचा हात असलेल्या मेकॅनिककडेच सोपवावे.